इंजिनावरचा सापळा आणि अंगदभाऊंच्या शुभेच्छा

तनुजाचा डबा ओट्यावर राहिला नसता तर पुढचं रामायण झालं नसतं. पण त्या दिवशी राहिला. सव्वासातला तिच्या आईला, सिंधुताईंना, तो दिसला, त्यांनी हाक मारली, आणि देविदास सर हातातला पेपर तसाच टाकून डबा घेऊन फाट्याकडं निघाले. घाईत शर्टाची वरची दोन बटणं लावायची राहिली. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की, एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवलेल्या सरांना कौठाळवाडीत आजवर कुणी उघड्या गळ्यानं बघितलं नव्हतं.

ते फाट्यावर पोचले तेव्हा वैजनाथची काळी-पिवळी जीप नुकतीच हलली होती. जीपचा परवाना नऊ माणसांचा. सरांनी चित्रातली डोकी मोजावीत तशी मोजली. आत पंधरा, टपावर दोन. वैजनाथ स्वतः अर्धा दाराबाहेर, कारण त्याच्या सीटवर आणखी एक जण बसला होता आणि गियर कुणाच्या गुडघ्यांमधून टाकायचा हे दोघांचं आपसात ठरलेलं होतं. मागच्या फळीवर तिघं उभे. त्या तिघांत मधली तनुजा.

तिनं एका हातानं टपाची सळई धरली होती. दुसऱ्या हातात पर्स आणि ओढणीचं टोक. जीप खड्ड्यातून गेली तसे तिचे पाय फळीवरून सुटले आणि पुन्हा टेकले. तेवढ्यातही ती शेजारच्या बाईशी बोलत होती. म्हणजे हे तिला नवीन नव्हतं.

सरांच्या तोंडात हाक आली होती, ती त्यांनी गिळली. हाक मारली असती तर तिनं वळून हात केला असता, आणि हात करायला तिच्याकडं मोकळा हात नव्हता. जीप वळणाआड गेली. सर डबा धरून धुळीत उभे राहिले.

तनुजा लातूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. साडेआठला हजर व्हावं लागे. गेलं वर्षभर ती घरी सांगत होती, "बाबा, मला पुढचीच सीट असती. वैजनाथकाका राखूनच ठेवतेत." सरांनी ते ऐकून दर वेळी समाधानानं मान हलवली होती. आता त्या प्रत्येक मान हलवण्याची त्यांना लाज वाटली.

"दिला का डबा?" सिंधुताईंनी विचारलं.

"गेली होती ती."

"पुढं बसली होती नव्हं?"

"हो," सर म्हणाले, आणि आपण लेकीच्या खोट्यात सामील झालो हे त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. पोटात गॅस झाल्याचं सांगितलं. सिंधुताईंनी ओवा दिला, तो मात्र निमूटपणे खाल्ला.

कौठाळवाडीला पूर्वी बस होती. कौठाळवाडी–लातूर, चाकूरमार्गे, सकाळी सहा पन्नास. कोरोनात ती बंद झाली. नंतर मंगल कार्यालयं उघडली, बारा महिने बंद असलेलं पशुवैद्यकीय केंद्रसुद्धा एक दिवस उघडलं, पण बस काही आली नाही. मधल्या काळात सरकारनं बायकांना एसटीचं तिकीट अर्धं केलं. गावातल्या बायकांना फार आनंद झाला. तो आनंद घेऊन त्या जीपच्या मागं लटकत राहिल्या.

सरांनी अर्ज केला. सुवाच्य अक्षरात, डावीकडं समास सोडून, विषयाखाली पट्टीनं दोन रेघा मारून. एकवीस दिवसांनी उत्तर आलं: "सदर फेरीचे भारमान असमाधानकारक असल्याने फेरी पूर्ववत करणे शक्य नाही." सर स्वतः आगारात गेले. तिथल्या कारकुनानं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की भारमान म्हणजे बसमधल्या सीटा किती भरल्या ते. सीटा भरल्या तर फेरी राहते, नाही भरल्या तर जाते.

"माणसं दाखवा सर, बस देतो."

"माणसं जीपला लटकून जातात हो."

"म्हणजे बसमध्ये न्हाईत."

"बसच नाही तर बसमध्ये कशी असतील?"

"तेच म्हणून राहिलो मी," कारकून म्हणाला. "म्हणून भारमान कमी."

सर एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होते, त्यामुळं त्यांना हे बोलणं पूर्ण समजलं. न समजतं तर बरं झालं असतं. त्यांनी आणखी दोन अर्ज केले. त्यांना आवक क्रमांक मिळाले, बस मिळाली नाही.

शेजारचे शेषेराव रोज संध्याकाळी सरांच्या ओसरीवर येत. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते अडीच वर्षं सरपंच होते आणि तेव्हापासून सल्ला देणं त्यांनी कधी थांबवलं नव्हतं. "अर्जानं काय होत न्हाई, सर," ते म्हणाले. "अर्ज कोण वाचतंय? लोकायला चित्र दाखवा. चित्र दिसतंय. तुमी तर ड्राइंगवाले."

शेषेरावांच्या सल्ल्यांपैकी हा एकच बरा निघाला. म्हणजे तेव्हा तरी तसं वाटलं.

सरांकडं एक जाड पुस्तक होतं. तरुणपणी हैदराबादच्या फुटपाथवरून आणलेलं, पुठ्ठा गेलेलं, नाव-गाव नसलेलं. त्यात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची राजकीय व्यंगचित्रं होती, सगळी रेघारेघांची. सर आजवर ते पुस्तक मुलांना छायाभेद शिकवायला वापरत. चित्रात काय आहे इकडं त्यांनी फारसं लक्ष दिलं नव्हतं. आता उघडलं तर मधली वीस-पंचवीस पानं आगगाडीचीच निघाली. आगगाडी नवी होती, कंपन्यांना नफ्याची घाई होती, माणसं मरत होती, आणि चित्रकारांनी कंपनीवाल्यांची आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या मंत्र्यांची सालटी काढली होती.

एका चित्रात तिकिटाची खिडकी होती. शेजारच्या खिडकीत वकील प्रवाशांची मृत्युपत्रं लिहून देत होता आणि तिसऱ्या खिडकीत डॉक्टर करवतीला धार लावत होता. दुसऱ्यात तिसऱ्या वर्गाचा डबा, त्याला छप्पर नाही, माणसं उभी कोंबलेली. शेजारच्या छप्पराच्या डब्यात मालकाची कुत्री ऐसपैस झोपलेली. तिसऱ्यात इंजिन हाकायला हाडांचा सापळा, डोक्यावर उंच टोपी, हातात घड्याळ. आणि चौथ्यात कंपनीचा एक गलेलठ्ठ संचालक खुर्चीसकट इंजिनाच्या पुढच्या बाजूला बांधलेला. खाली लिहिलं होतं: आता गाडी सावकाश जाईल.

सर त्या चौथ्या चित्राकडं बराच वेळ बघत राहिले. ज्यानं हे काढलं त्याचीही कुणी मुलगी असेल, असं त्यांना उगाच वाटलं.

सहा चित्रं निवडली. ती मोठी करून बसस्थानकावर लावायची, शीर्षक 'ऐतिहासिक राजकीय व्यंगचित्रे: प्रवासाचे धोके', असं ठरवून सरांनी परवानगीचा अर्ज केला. अर्ज तीन टेबलं फिरला. पहिल्या टेबलानं विचारलं, ही जाहिरात आहे का? दुसऱ्यानं विचारलं, धोके कुणाचे? आमचे असतील तर आमच्याच जागेवर कसे लावता? तिसऱ्या टेबलानं 'राजकीय' या शब्दाखाली लाल रेघ मारली.

"झेडपीची आचारसंहिता लागायच्या बेतात हाय. राजकीय काही लावता येत न्हाई."

"अहो, हे पुढारी परदेशातले. मरून शंभर वर्षं झाली त्यांना."

"मयत असले तरी पक्ष कोणता व्हता?"

सरांना तो पक्ष माहीत नव्हता. राजकीय शब्द काढून टाका, असं त्या साहेबांनी चांगल्या मनानं सुचवलं. सर म्हणाले, राजकीय काढला तर चित्रात उरतं काय? शब्द राहिला आणि परवानगी गेली. घरी येताना मात्र सरांना वाटत राहिलं की आपण एका शब्दासाठी तनुजाला आणखी काही दिवस फळीवर उभं केलं. तत्त्व पाळल्याचं समाधान त्यांना झालं नाही.

शेवटी गावातल्या शाळेचा व्हरांडा मिळाला. शेषेराव म्हणाले, "पाव्हणा कोण?"

"पाहुणा नकोच. चित्रं आहेत ना."

"सर, पाव्हण्याबगर तेराव्यालासुदिक लोक येईनात आजकाल. अंगदभाऊला बोलवा. झेडपीला उभं ऱ्हातेत म्हणून समदीकडं जाऊन राहिलेत."

अंगदभाऊ म्हणजे तालुक्याचे पुढारी. बस कुणाच्या फोननं सुरू होऊ शकत असेल तर त्यांच्याच, हे सरांनाही माहीत होतं. पण त्यांच्या मागंपुढं करणं सरांना जमणारं नव्हतं. ते ठामपणे नाही म्हणाले, सहा चित्रांचे मोबाइलवर फोटो काढले आणि चाकूरच्या सिद्धलिंगच्या फ्लेक्सच्या दुकानात पाठवून दिले. सोबत मराठी मजकूर. मग फोन चार्जिंगला लावून ते दुपारचे आडवे झाले. एवढीच त्यांची चूक.

सिद्धलिंगला दुकान टाकून अकरा वर्षं झाली होती. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दहावीचे टक्के, भावपूर्ण श्रद्धांजली, असे हजारो फ्लेक्स त्यानं छापले. त्यातल्या एकावरही पुढाऱ्याचा फोटो नाही असं कधी झालं नव्हतं. सरांचे सहा फोटो त्यानं बघितले. वर कोपरा मोकळा, खाली पट्टी मोकळी. त्याला वाटलं, सर माणूस सरळमार्गी, द्यायचे राहिले असतील. त्यानं सरांना चार फोन केले. सर घोरत होते. मग त्यानं शेषेरावांना केला.

"टाक की," शेषेराव म्हणाले. "वर अंगदभाऊचा टाक. खाली आपले नेहमीचे. माझा गॉगलवाला टाक, लग्नातला नगं."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी टेम्पोतून सहा गुंडाळ्या उतरल्या. सरांनी पहिली उघडली. खुर्चीला बांधलेला संचालक इंजिनाच्या पुढं लटकत होता आणि त्याच्या शेजारी, त्याच्याच मापाचे, हात जोडलेले अंगदभाऊ हसत होते. दुसरीत कुत्र्यांच्या डब्यावर 'हार्दिक शुभेच्छा'. तिसरी उघडली आणि सर पायरीवर बसले. सापळा इंजिन हाकत होता. त्याच्या डोक्यावर सोनेरी अक्षरं होती: 'मा. अंगदभाऊ यांच्या खंबीर नेतृत्वाखाली वाटचाल'. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यात गॉगल लावलेले शेषेराव, आणि सर्वांत शेवटी, निरोप समारंभाचा हार गळ्यात घालून, स्वतः देविदास सर.

"फर्स्टक्लास झालंय," शेषेराव म्हणाले. "भाऊला फोन केलाय मी. निघालेत."

बदलायला वेळ नव्हता.  सिंधुताईंनी पदरानं वारा घातला.

अंगदभाऊ अकराच्या कार्यक्रमाला एक वाजता आले. आल्याबरोबर त्यांनी सहाही फ्लेक्सवर नजर फिरवली. सर खांबाआड सरकले. पण भाऊंनी प्रत्येक फ्लेक्सवर आपला फोटो बघितला, तो दुसऱ्या कुणाहून लहान नाही ना एवढी खात्री केली, आणि प्रसन्नपणे खुर्चीत बसले. मग सत्कार सुरू झाले. एकोणीस शाली, एकोणीस नारळ. ज्यांचा सत्कार झाला त्यांनी सत्कार केलेल्यांचा सत्कार केला. भाऊ चाळीस मिनिटं तरुणांवर बोलले. बसचा विषय सरांनी आभार मानताना काढायचा ठरवला होता, पण आभार शेषेरावांनी मानले.

चित्रं नीट बघितली ती दोघांनीच. एक रुक्मिणबाई, वय ऐंशीच्या पुढं. त्या बिनछपराच्या डब्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही कुटली जीप हो, सर?"

"जीप नाही आजी, आगगाडी. दीडशे वर्षांपूर्वीची."

रुक्मिणबाईंनी जरा विचार केला. "म्हंजी आपण दीडशे वरसं मागं हाव व्हय?"

दुसरा वैजनाथ. त्यानं त्याच चित्रातली माणसं बोटानं मोजली. "बत्तीस," तो हळूच म्हणाला. "अन् मागं लटकलेलं कुणीच न्हाई." तो सरांकडं न बघता निघून गेला.

कार्यक्रमानंतर सरांनी चार दिवस दार लावून घेतलं. आपला हार घातलेला फोटो सापळ्याच्या पायाशी अख्ख्या गावानं बघितला, ही गोष्ट त्यांना जेवू देईना. फ्लेक्स कुणीही न्या, माझ्या डोळ्यासमोर नकोत, एवढंच त्यांनी सांगितलं. गावात फ्लेक्स कधी वाया जात नाही. एक कडब्याच्या गंजीवर गेला, एक कुणाच्या तरी न्हाणीला आडोसा झाला, आणि चार फ्लेक्स वैजनाथ घेऊन गेला. रस्त्याचं काम चालू असल्यानं धूळ फार होती. त्यानं एक टपावरच्या सामानावर आवळला, दोन जोडीदारांच्या जीपला दिले, आणि राहिलेला स्वतःच्या जीपच्या मागं पडद्यासारखा बांधला. राहिलेला म्हणजे सापळ्याचा.

त्या दिवसापासून सरांचं प्रदर्शन रोज सकाळी चाकूरमार्गे लातूरला जाऊ लागलं आणि संध्याकाळी परत येऊ लागलं.

लातूरच्या चौकात जीप सिग्नलला थांबे. मागं रिक्षा, मोटारी, कॉलेजची पोरं. त्यांना दिसे ते असं: घड्याळ घेतलेला सापळा, वर खंबीर नेतृत्वाखाली वाटचाल, शेजारी हात जोडलेले भाऊ, आणि त्या सगळ्याच्या पुढं फळीवर लटकलेली तीन खरीखुरी माणसं. कुणीतरी फोटो काढला. त्याखाली लिहिलं, 'खरं बोलणारा पहिला बॅनर'. दुपारपर्यंत फोटो उदगीर, अहमदपूर करत नांदेडपर्यंत गेला. संध्याकाळी तो तनुजाच्या लॅबच्या ग्रुपवर आला. फोटोतली मधली पाठमोरी मुलगी कोण, हे ग्रुपवर कुणी ओळखलं नाही. तिनं ओळखलं.

ती घरी आली तेव्हा सर तोच फोटो बघत बसले होते. शेषेरावांनी पाठवला होता. सरांनी मोबाइल पालथा ठेवला, पण उशीर झाला होता.

"तुमाला कधीपासून माहीत हाय?" तिनं विचारलं.

"डबा राहिला होता त्या दिवसापासून."

"बोलला न्हाईत ते."

"तू तरी कुठं बोललीस?"

तनुजा त्यांच्याजवळ खाली बसली. तिच्या तळहाताला सळईचे घट्टे पडले होते. सरांनी ते बोटानं चाचपले. एकतीस वर्षं पोरांच्या हातातली पेन्सिल नीट धरवणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोरीचा हात वर्षभर बघितला नव्हता. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पांढरी गाडी थांबली. अंगदभाऊ उतरले, मागं शेषेराव, गॉगल न लावता.

"सर, मी तुमचं काय वाकडं केलं?" भाऊंनी बसता बसता विचारलं. त्यांनी मोबाइल पुढं केला. त्यात आता जोडीदारांच्या जीपचेही फोटो होते. "ह्यो खुर्चीला बांधलेला मीच का?"

"नाही भाऊ. तो दीडशे वर्षांपूर्वीचा कंपनीवाला आहे."

"मग माझ्यावानी का दिसून राहिला?"

सरांना याचं उत्तर माहीत होतं, पण द्यायचा धीर नव्हता. त्यांनी आजवर एकाही पुढाऱ्यासमोर आवाज चढवलेला नव्हता. आताही चढला नाही.

"भाऊ, तुमचा फोटो मी टाकला नाही. टाकू नका म्हणून सांगितलं असतं, मला झोप लागली. त्याबद्दल माफी मागतो. पण आता तो काढा म्हणून मी कुणाला सांगणार नाही. फोटोत मागं लटकलेली मधली मुलगी माझी आहे. ती फ्लेक्सवर छापलेली नाही, खरी आहे. ती रोज तशी जाते. ती पडली तर तिचा फ्लेक्स सिद्धलिंगला छापावा लागेल, आणि त्यावरही वर तुमचाच फोटो असेल."

 शेषेराव चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. आपण काय बोललो हे ऐकून सर स्वतःच घाबरले होते.

भाऊंनी निरोप धाडून बोलावलेल्या, बाहेर उभ्या असलेल्या वैजनाथला हाक मारली आणि फ्लेक्स काढायला सांगितलं. वैजनाथ अदबीनं म्हणाला, "काढतो की भाऊ. पर धूळ लई हाय. दुसरा फ्लेक्स द्या, त्यो बांधतो." दुसरा म्हणजे कुणाचा, याचा भाऊंनी विचार केला. तालुक्यात दुसरे फ्लेक्स होते ते विरोधकाचे.

सिंधुताई चहा घेऊन आल्या. कप पुढं करत म्हणाल्या, "भाऊ, सोपं हाय की. सकाळची बस सुरू करा. बस आली की जीपला माणसं लटकायची न्हाईत. माणसं लटकली न्हाईत तर फोटो कोण काढतंय?"

भाऊंनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि तिथूनच फोन लावला. भारमान हा शब्द त्या बोलण्यात एकदाही आला नाही.

वैजनाथ सगळे गेल्यावरही थांबला होता. सर ओशाळून म्हणाले, "वैजनाथ, तुझी सकाळची खेप गेली रे."

"गेली, सर. अकरानंतर नऊ-नऊ माणसं घेऊन करतो दोन खेपा." गाडीची किल्ली बोटावर फिरवत तो म्हणाला, "रोज आरशात बघून मोजत व्हतो मी. मागं तीन हायेत का तीन. एखाद्या दिशी दोन दिसले असते तर काय केलं असतं?"

पंधरा दिवसांनी बस आली. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, आणि पुढच्या काचेवर सिद्धलिंगचा नवा फ्लेक्स: 'अथक प्रयत्नांना यश'. यात अंगदभाऊ होते, शेषेराव होते, सर नव्हते. सरांनी दोनदा बघितलं. शुभेच्छुकांत नको तिथं आपण होतो आणि हवं तिथं नाही, हे त्यांना लागलं, पण तोंडावर दिसू दिलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, मला रस्ता दिसत नाही. त्यावर बरीच चर्चा झाली आणि फ्लेक्स भाऊंच्या हनुवटीपर्यंत वर गुंडाळायचं ठरलं.

नारळ फुटला. भाऊ चढले, त्यांच्यामागं पन्नास कार्यकर्ते चढले, आणि गावातल्या नेहमीच्या प्रवाशांना चढायला जागाच उरली नाही. तनुजा सर्वांत शेवटी, दारातल्या पायरीवर. बस निघाली तेव्हा ती एका हातानं दाराची दांडी धरून उभी होती, आणि सर फाट्यावर, त्याच जागी, तसेच बघत उभे होते.

पाऊण तास सर तिथल्या दगडावर बसून राहिले. मग फोन वाजला.

"बाबा, चाकूरला समदे उतरले. त्यांच्या गाड्या मागून आल्या होत्या. मी बसले. खिडकीपाशी."

"खरं सांग."

"आता फोटोच पाठविते, थांबा."

फोटो आला. खिडकी, हिरवी सीट, तिच्या मांडीवर डबा. सरांनी तो डोळ्याजवळ नेऊन, लांब धरून, पुन्हा जवळ नेऊन बघितला.  मग चित्रकाराच्या नजरेला बाकीचंही दिसलं. तिच्या शेजारची सीट रिकामी होती. पुढची रिकामी होती. पलीकडच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याचं गाठोडं, बाकी नुसती हिरवी रेक्झिनं. सर घरी आले ते विचार करतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, सगळी बटणं लावली. सिंधुताईंनी विचारलं, "लातूरला काय काम काढलं?" सरांनी सांगितलं. त्या आत गेल्या, लुगडं बदललं, कुलूप घेऊन बाहेर आल्या. "एकानं काय व्हतंय? चला."

फाट्यावर रुक्मिणबाई आधीच पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांचंही लातूरला काही काम नव्हतं. वैजनाथनं त्यांना कालच भारमान समजावून सांगितलं होतं.

बस आली. तनुजा खिडकीपाशी बसली, सर तिच्या शेजारी. कंडक्टर तिकीट फाडायला आला.

"कुठं?"

"लातूर. आणि परत याच बसनं."

"लगेच परत? काही काम हाय का तिथं?"

"आहे ना," सर म्हणाले. "सीटवर बसायचं आहे."